विखुरलेला उजेड आणि जिवाणूंची ओळख

जिवाणू ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरली आणि पुढची शंभर वर्षे तिचा गाभा फारसा बदलला नाही. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत अगार वापरात आले, हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये जिवाणूंना रंग देण्याची कृती प्रसिद्ध केली आणि १८८७ मध्ये युलियुस पेट्री यांची झाकणाची चपटी बशी आली. आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीचा नमुना ‘कल्चर’ला लावतात तेव्हा क्रम तोच असतो. नमुना अगारवर पसरायचा, ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचा, कॉलनी दिसली की रंग द्यायचा, मग ती कोणती साखर आंबवते ते पाहायचे. रीत भरवशाची आहे, पण संथ. नाव हाती यायला दोन दिवस सहज जातात. क्षयाचा जिवाणू तर वाढायलाच काही आठवडे घेतो.

जिवाणूला न वाढवता, न रंगवता ओळखण्याच्या विद्येची दोन मुळे एकाच शहरात सापडतात. फेब्रुवारी १९२८ मध्ये कलकत्त्याच्या बहूबाजारातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन दुर्बिणीच्या भिंगाने एकवटलेले ऊन निळ्या-जांभळ्या गाळणीतून शुद्ध द्रवावर सोडत होते. पाहणाऱ्याच्या बाजूला दुसरी, हिरवट-पिवळी गाळणी असे. पहिलीतून येणारा रंग दुसरी पूर्ण अडवते, त्यामुळे पलीकडे अंधारच दिसायला हवा. तिथे मंद उजेड दिसला. द्रवातून विखुरताना प्रकाशाच्या काही अंशाचा रंगच बदलला होता. रेणूची कंपने प्रकाशातली थोडी ऊर्जा काढून घेतात किंवा त्यात भर घालतात, आणि ही देवघेव प्रत्येक रेणूची वेगळी असते. अडचण एकच होती: हा अंश साधारण कोटीत एखादा फोटॉन इतका क्षीण असतो. पाऱ्याच्या दिव्यानेही छायाचित्र-काचेवर वर्णपट उमटायला तासन्‌तास लागत.

दुसरे मूळ प्रेसिडेन्सी कॉलेजात आहे. तिथे भौतिकशास्त्र शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाला गेले असता प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी त्यांच्याकडे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे काम सोपवले. त्या धाग्यातून पुढे दोन गटांमधले ‘अंतर’ मोजण्याचे सूत्र तयार झाले. त्याचा सविस्तर निबंध १९३६ चा. सूत्राची खुबी अशी की एकमेकांशी बांधलेली मापे त्यात दोनदा मोजली जात नाहीत. उंच माणसाचे हातही सहसा लांब असतात, मग उंची आणि हात हे दोन स्वतंत्र पुरावे कसे धरायचे? त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी आयरिस फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवरून जाती वेगळ्या करणारे सूत्र मांडले, आणि १९४८ मध्ये सी. आर. राव यांनी ते अनेक गटांसाठी वाढवले. जिवाणू यांपैकी कुणाच्याच डोळ्यांसमोर नव्हते.

१९६० मध्ये लेझर आला आणि रामन यांच्या क्षीण उजेडाला एकरंगी, प्रखर दिवा मिळाला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात अतिनील लेझरने जिवाणूंचे वर्णपट घेतले जाऊ लागले. १९९० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी लेझर सूक्ष्मदर्शकातून एकाच पेशीवर रोखून दाखवला. एका जिवाणूचे वजन ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते. काचेची साधी स्लाइडही इथे आड येते, कारण तिचा स्वतःचा उजेड मोजमापात मिसळतो; म्हणून कॅल्शियम फ्लोराइडची महाग चकती वापरावी लागते.

वर्णपट मिळाला तरी नाव मिळत नाही, आणि या विद्येचा खरा कस इथे लागतो. सगळे जिवाणू जवळपास त्याच मालाचे बनलेले असतात. तरंगसंख्या १००३ च्या आसपासचे फेनिलअॅलनिनचे शिखर आणि ७८५ जवळचे न्यूक्लिक आम्लांचे शिखर बहुतेक प्रत्येकात उमटते. दोन जातींमधला फरक अनेक शिखरांच्या उंचीतल्या बारीक चढ-उतारांत विखुरलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणून वर्णपट गणिताकडे जातो. पण एका वर्णपटात हजारभर आकडे आणि हाती नमुने मोजकेच, अशा स्थितीत गणित नसलेला फरकही शोधून काढते. त्यामुळे कार्ल पिअर्सन यांच्या १९०१ च्या कल्पनेतून वाढलेल्या मुख्य घटक विश्लेषणाने ते हजार आकडे आधी दहा-वीसांवर आणतात, मग गटांमधली अंतरे मोजतात. कल्चरचे वय किंवा अगारचा प्रकार बदलला तरी वर्णपट हलतो. म्हणून चाचणीसाठी संपूर्ण वेगळे कल्चर राखून ठेवावे लागते. एकाच कॉलनीचे काही वर्णपट शिकवणीत आणि काही परीक्षेत घातले, तर यशाचा आकडा फुगतो. असा आकडा कागदावरच शोभतो.

२००५ मध्ये जर्मनीतील येना येथील गटाने औषधनिर्मितीच्या निर्जंतुक खोल्यांत सापडणारे जिवाणू एकेका पेशीच्या वर्णपटावरून वेगळे केले. निवाड्यासाठी सपोर्ट व्हेक्टर मशीन हे तंत्र होते. रुग्णालयांनी मात्र याच सुमारास दुसरा लेझर जवळ केला. माल्डी-टॉफ यंत्रात लेझरचा झोत जिवाणूची प्रथिने उडवतो आणि त्यांच्या वजनांची यादी साठवलेल्या याद्यांशी ताडली जाते. काही मिनिटांत नाव मिळते, पण त्याआधी कॉलनी वाढवावीच लागते.

ती रात्र वाचवण्याची आशा रामन वर्णपटावर टिकून आहे. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ३० रोगकारक जिवाणू आणि यीस्ट यांचे एका सेकंदात घेतलेले, गोंगाटभरे वर्णपट न्यूरल नेटवर्कला शिकवले. नेमके नाव ८२ टक्क्यांच्या आसपास बरोबर आले. कोणत्या गटाचे प्रतिजैविक द्यायचे, हा निवाडा ९७ टक्के. दुसरा आकडा मोठा आहे, कारण एका औषधाला बधणारे दोन जिवाणू एकमेकांत मिसळले तरी उपचार चुकत नाही. हे वर्णपट वाढवलेल्या कल्चरवरून घेतलेले होते. थेट रक्तात दर मिलिलिटरला कधी दहाहूनही कमी जिवाणू असतात, आणि भोवती अब्जावधी तांबड्या पेशी. त्यांतून ते मोजके जिवाणू वेगळे करून लेझरखाली आणणे हे काम अजून संशोधकांच्या टेबलावर आहे.