पैलवानाचा कान आणि आबांचं मशीन

तुमच्यापैकी बहुतेक जण आत्ता कानात इअरफोन घालूनच बसले असणार. मला ते सुख अर्धंच मिळायचं. डाव्या कानात इअरफोन बसतो, उजव्यातून दर पाच मिनिटांनी गळून पडतो. कारण माझा उजवा कान मोडलेला आहे. कोल्हापूरकरांना जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, मी सहा वर्षं तालमीत होतो. कुस्तीत डोक्याला डोकं घासतं, कान चिरडतो, आतल्या कूर्चेवरचं पातळ आवरण सुटतं आणि मधे रक्त साकळतं. ते वेळेत काढलं नाही तर तिथं घट्ट गाठ तयार होते आणि कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसायला लागतो. वस्तादांनी माझा सुजलेला कान बघितला आणि म्हणाले, "आता पैलवान झालास बघ." मी पण फुगलो. दवाखान्यात कोण जातंय!

ही खूण लई जुनी आहे बरं का. रोममध्ये 1885 साली जमिनीखाली एका बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा ब्राँझचा पुतळा सापडला. दोन हजार वर्षांहून जुना. त्याचे कान बघा, थेट आपल्या गंगावेशीत बसलेला वाटेल. त्याच रोमचं कलोसियम शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात पाहिलं आणि त्यावरून खासबाग मैदान उभं राहिलं, 1912 मध्ये. त्या मैदानाच्या लाल मातीनं पिढ्यान्‌पिढ्या किती कान मोडले असतील!

पण मोडक्या कानात इअरफोन कसा बसवायचा, हा प्रश्न शाहू महाराजांच्या काळात नव्हता. तो माझा आहे. पॉडकास्ट एडिट करताना एका बाजूचा आवाज पातळ येतो, बेस तर गायबच. यात जादू काही नाही. इअरफोन आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात. मग आपण आवाज वाढवतो, आणि खरं नुकसान तिथं सुरू होतं.

हे कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. 1891 साली अर्नेस्ट मर्काडिए या फ्रेंच माणसानं दोन्ही कानांत घालायच्या छोट्या टेलिफोनचं पेटंट घेतलं. त्याला रबराची टोकं होती, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. म्हणजे आजच्या इअरफोनची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी. पण सरसकट सगळ्यांना एकच टोक. कान मात्र माणसागणिक वेगळा. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात. कोल्हापुरी चप्पल आधी पायाचं माप घेऊन बनायची ना? कानाचं तसं माप घ्यायला सुरुवात केली ती गाणं ऐकणाऱ्यांनी नव्हे, ऐकू न येणाऱ्यांच्या मशीनवाल्यांनी.

इथं माझे आबा येतात. आबा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. म्हणजे ओतलेलं लोखंड थंड झालं की ग्राइंडर लावून त्याची धार घासायची. आठ-आठ तास, कानात काही नाही. पन्नाशीत आबांना कमी ऐकू यायला लागलं. मग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक डबी आली, तिच्यातून वायर, वायरच्या टोकाला बटण आणि त्या बटणाला चिकटलेला गुलाबीसर प्लास्टिकचा तुकडा. तो तुकडा फक्त आबांच्या कानात बसायचा. मी लहानपणी माझ्या कानात घालून बघितला, बसेना. आबा हसून म्हणाले, "अरं, ती माझ्या कानाची किल्ली हाय."

तो तुकडा म्हणजे इअरमोल्ड. ट्रान्झिस्टर बाजारात आला तोसुद्धा आधी श्रवणयंत्रातच, रेडिओत नंतर. पहिलं तसं मशीन 1952 च्या डिसेंबरात अमेरिकेत विकायला आलं. (त्याच वर्षी जुलैत आपल्या राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं. संबंध काही नाही, पण कोल्हापूरकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) पुढं श्रवणयंत्रासाठी बनवलेले तांदळाएवढे स्पीकरच संगीताच्या इअरफोनमध्ये गेले. 1991 साली मीड किलियन या श्रवणशास्त्रज्ञाच्या कंपनीनं तसे इअरफोन काढले. 1995 मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरनं ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी त्याच्या कानाच्या मापाचे बनवले, कारण स्टेजवरच्या गोंगाटात त्याला स्वतःचा बँडच ऐकू येईना. आज मोठ्या गायकांच्या कानात दिसतात ते चकचकीत तुकडे आबांच्या त्या किल्लीचे नातू आहेत.

हे सगळं वाचून मला वाटलं, आपण फौंड्रीवाल्याचं पोर, साचा आपल्याला काय अवघड! ऑनलाइन दोन भागांची सिलिकॉन पुट्टी मागवली. दोन रंगांचे गोळे एकत्र मळायचे, इअरफोनवर लावायचे, कानात दाबायचे, पाच मिनिटं हलायचं नाही. निघालं की तुमच्या कानाचा साचा तयार. डावा कान झकास निघाला. उजव्याला मोडलेल्या भागामुळं पुट्टी धरेना, म्हणून मी जोर लावला. इअरफोन बाहेर आला, पुट्टीचा तुकडा आत राहिला.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, दोन वळणांची, आणि शेवटी पडदा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड. रात्रभर झोप नाही. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोप लावून चिमट्यानं तो तुकडा काढला. पडदा वाचला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "दोरा बांधलेला कापूस आत घातला होता का?" मी मान हलवली, नाही. "मग धाडस कशाला केलंत?"

तो कापूस म्हणजे सगळ्या कामाची खरी गोम. साचा घेणारा माणूस आधी दिवा लावून कानात बघतो. मळ आहे का, पडदा फाटलाय का. मग दुसऱ्या वळणाच्या पलीकडं दोरा बांधलेला स्पंजचा गोळा ठेवतो आणि मग माल सोडतो. तो गोळा माल पुढं जाऊ देत नाही. आरशात बघून स्वतःच्या कानात हे जमत नाही, कुणालाच. म्हणून स्पष्ट सांगतो, व्हिडिओ बघून माल आत सोडू नका. बाहेरच्या वाटीपुरता लावायचा असेल तरी, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, कान वाहत असेल, नाहीतर माझ्यासारखा मोडलेला असेल, तर अजिबात नाही.

नंतर मी ऑडिओलॉजिस्ट ताईंकडं गेलो. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्या, तिथं हेच शिकवतात. त्यांनी साचा घेताना मला तोंड उघडं ठेवायला लावलं. जबडा हलला की कानाची नळीही आकार बदलते, आणि बोलणाऱ्याचा, गाणाऱ्याचा साचा मिटल्या तोंडानं घेतला तर 'आ' केल्यावर फट पडते. मग तो साचा त्यांनी पातळ मेणात बुडवला. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाल्या, "थोडा जाड करायला, म्हणजे घट्ट बसेल." माझं डोकं लगेच उद्यमनगरात गेलं. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्नमेकर पॅटर्न थोडा मोठाच करतो. आबांना हे सांगितलं असतं तर ते खूश झाले असते.

आठवड्यानं मोल्ड आले. उजव्याचा आकार विचित्र, चुरमुऱ्यासारखा वाकडा. पण बसला. पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखं ऐकू आलं, आणि आवाज मी पूर्वीच्या निम्म्यावर आणला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास इतकी मर्यादा सांगते. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहणाऱ्यांनी हा आकडा जरा आठवावा. मी पण उभा राहायचो.

आबांचा तो गुलाबी तुकडा अजून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. परवा माझा नवा मोल्ड त्याच्या शेजारी ठेवून बघितला. वरच्या वळणाचा बाक दोघांचा जवळजवळ सारखा निघाला.