सेंट पीटर्स चर्च, न्यूयॉर्क

मॅनहॅटनमधील एक लहान ल्यूथरन चर्च. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू व ५४वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, सिटीकॉर्प सेंटर (सध्याचे नाव ६०१ लेक्सिंग्टन) या ५९ मजली इमारतीच्या पायथ्याशी ते आहे.

इतिहास : जर्मन स्थलांतरितांनी १८६२ मध्ये ही मंडळी स्थापन केली. याच कोपऱ्यावर १९०५ मध्ये गॉथिक धाटणीची वास्तू उभी राहिली.

वास्तू : १९७० च्या दशकात सिटीकॉर्प बँकेला मनोऱ्यासाठी ही जागा हवी होती. मंडळीने सुमारे ९० लाख डॉलर घेतले. पण नवे चर्च त्याच कोपऱ्यावर व स्वतंत्र असावे, मनोऱ्याचा एकही खांब त्यातून जाऊ नये, अशी अट घातली. कोपरा मोकळा ठेवणे भाग पडल्याने अभियंता विल्यम लेमेझ्यूरिए यांनी सुमारे नऊ मजले उंचीचे चार खांब कोपऱ्यांऐवजी चारही बाजूंच्या मध्यावर घेतले आणि भार त्यांवर आणण्यासाठी दर्शनी भागांत पोलादी तिरके आधार योजले. या आधारांचे सांधे वितळजोडाऐवजी बोल्टांनी जोडल्यामुळे तिरप्या वाऱ्यात मनोरा धोक्यात येईल, असे १९७८ मध्ये त्यांच्या ध्यानात आले. सांध्यांवर रात्रीच्या वेळी पोलादी पट्ट्या जोडण्यात आल्या. ही हकिकत १९९५ पर्यंत लोकांसमोर आली नाही. धोका नेमका किती होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

ह्यू स्टबिन्स यांनी आराखडा केलेले नवे चर्च १९७७ मध्ये पूर्ण झाले. त्याला बाहेरून ग्रॅनाइट आहे. उपासनागृह रस्त्याच्या पातळीखाली असून मोठ्या खिडकीतून ते पादचाऱ्यांना दिसते. अंतर्रचना मासिमो व लेला विन्येली यांची. छोटे प्रार्थनागृह (चॅपल) ज्यू शिल्पकार लुईज नेव्हेल्सन यांनी पांढऱ्या रंगाच्या लाकडी उत्थित शिल्पांनी सजवले. ऑर्गन बॉनच्या क्लाइस यांचा. बाहेरील क्रूस आर्नाल्दो पोमोदोरो यांचा.

संगीत : पाळक जॉन गार्सिया जेन्सेल (मृ. १९९८) यांच्यामुळे चर्च जॅझ वादकांचे आश्रयस्थान बनले. जॉन कोल्ट्रेन यांचा अंत्यविधी २१ जुलै १९६७ रोजी जुन्या वास्तूत झाला; त्यावेळी अल्बर्ट आयलर व ऑर्नेट कोलमन यांनी वादन केले. ड्यूक एलिंग्टन यांनी जेन्सेल यांना एक रचना अर्पण केली आहे.

नाट्य : यॉर्क थिएटर कंपनीचे प्रयोग तळघरातील रंगमंचावर होत.

अलीकडील घटना : ४ जानेवारी २०२१ रोजी रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी फुटून चर्चमध्ये पाणी शिरले व ऑर्गनची हानी झाली.