ब्लूटूथ पेअरिंग (इअरबड्स व संगणक)

ब्लूटूथ पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांनी एकमेकांना ओळखून घेऊन एक सामाईक गुप्त किल्ली तयार करण्याची आणि ती पुढील वापरासाठी जतन करण्याची प्रक्रिया होय. बिनतारी इअरबड्स संगणकाशी वापरताना ही प्रक्रिया सामान्यतः एकदाच करावी लागते. त्यानंतर दररोज होते ती केवळ जोडणी. बोलण्यात या दोन्ही क्रियांना ‘कनेक्ट करणे’ असेच म्हटले जाते आणि वापरकर्त्यांच्या बहुतेक गोंधळाचे मूळ या एकाच शब्दात असते.

पार्श्वभूमी

ब्लूटूथच्या विकासाला १९९४ मध्ये एरिक्सन या स्वीडिश कंपनीत प्रारंभ झाला. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या कंपन्यांनी ‘ब्लूटूथ स्पेशल इंटरेस्ट ग्रुप’ हा गट स्थापन केला. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्यावरून हे नाव घेतले असून, त्याच्या नावातील आद्याक्षरांची रून लिपीतील रूपे एकत्र करून बोधचिन्ह बनविलेले आहे.

किल्लीची निर्मिती

जुन्या उपकरणांना चार अंकी संकेतांक लागत असे आणि तो बहुधा ‘००००’ असल्यामुळे त्याचे संरक्षण नाममात्रच होते. २००७ मधील २.१ या आवृत्तीने ही पद्धत बदलली. एलिप्टिक कर्व्ह डिफी-हेलमन या गणिती रीतीने दोन्ही उपकरणे गुप्त किल्ली प्रत्यक्ष न पाठवता स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोहोचतात. नुसते ऐकत बसलेल्या तिसऱ्याला त्या देवाणघेवाणीतून किल्ली काढता येत नाही.

मात्र समोर नेमके कोण आहे, ही खात्री निराळी. पडदा असलेली दोन उपकरणे सहा अंकी संख्या दाखवतात आणि ती जुळते का, हे माणूस पाहतो. इअरबड्सना पडदा नाही, अंककळा नाहीत; त्यामुळे तेथे ‘जस्ट वर्क्स’ ही विनापडताळणीची पद्धत वापरली जाते. वसतिगृहात किंवा कार्यालयात एकाच नावाचे दोन-तीन संच यादीत दिसत असतील, तर इतरांचे संच डबीत बंद असताना पेअरिंग करणे इष्ट.

प्रत्यक्ष कृती

इअरबड्स पेअरिंगच्या अवस्थेत आणण्यासाठी बहुतेक संचांत डबी उघडून तिच्यावरील कळ काही सेकंद दाबून धरावी लागते. दिवा लुकलुकू लागतो. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ येथे ‘ॲड डिव्हाइस’ निवडून यादीतील नावावर क्लिक करावे. मॅकओएसमध्ये ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधील ‘ब्लूटूथ’ हा विभाग उघडावा. ज्या डेस्कटॉप संगणकात ब्लूटूथ नसते, त्याला लहानसा यूएसबी ॲडाप्टर लावावा लागतो.

नाव यादीत दिसत नसेल, तर बऱ्याचदा दोष संगणकाचा नसतो. डबी उघडताच इअरबड्स पूर्वी जोडलेल्या मोबाइलकडे धाव घेतात. अशा वेळी मोबाइलचे ब्लूटूथ तात्पुरते बंद करणे हा सोपा उपाय आहे.

मायक्रोफोन आणि आवाजाचा दर्जा

गाणी उत्तम ऐकू येतात, पण ऑनलाइन वर्ग सुरू होताच आवाज जुन्या दूरध्वनीसारखा चिरका होतो, अशी तक्रार अनेकजण करतात. इअरबड्स बिघडले असे समजून नवे घेणारेही आहेत! प्रत्यक्षात हा पारंपरिक ब्लूटूथच्या रचनेचाच परिणाम आहे. संगीतासाठी ‘ए२डीपी’ ही व्यवस्था वापरली जाते. ती स्टिरिओ असली तरी आवाज एकाच दिशेने नेते. मायक्रोफोन सुरू झाला की संगणक ‘एचएफपी’ या दुहेरी संभाषणाच्या व्यवस्थेकडे वळतो. तिच्यात ध्वनीचे सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० नमुने घेतले जात आले आहेत. सीडीवरील संगीतात हीच संख्या ४४,१०० असते. विंडोज १० मध्ये एकच संच ‘हेडफोन्स’ आणि ‘हेडसेट’ अशा दोन नावांनी दिसतो, तो याच कारणाने.

ऐकण्यासाठी इअरबड्स आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन, अशी निवड ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये केल्यास संगीताची व्यवस्था कायम राहते आणि व्याख्यान स्पष्ट ऐकू येते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ने ही मर्यादा बरीच दूर केली आहे, परंतु त्यासाठी संगणक आणि इअरबड्स या दोहोंत ती सोय असावी लागते.

किल्ली हरवणे

पेअरिंगची नोंद एका बाजूने पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूला राहिली, तर नाव यादीत दिसूनही जोडणी होत नाही. संगणकावरील नोंद काढून टाकून आणि इअरबड्स पुन्हा पेअरिंगच्या अवस्थेत आणून नव्याने सुरुवात करावी लागते. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन प्रणाली असल्यास हाच प्रसंग येतो. इअरबड्सच्या दृष्टीने ब्लूटूथ ॲडाप्टर एकच असतो. म्हणून दुसऱ्या प्रणालीतून पेअरिंग करताच पहिलीची किल्ली निरुपयोगी ठरते.