चांदी, ऊन आणि रोगजंतू

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात सिल्व्हर नायट्रेटची बाटली नेहमी तपकिरी काचेची असते. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारले तर ‘उजेडाने ते खराब होते’ असे उत्तर बहुधा मिळते. पण ‘खराब होते’ म्हणजे नेमके काय होते, इथपर्यंत आपण वर्गात क्वचितच जातो. आम्ही या लेखात तोच धागा धरून परळ, दादर आणि गिरगावातून एक फेरफटका मारणार आहोत. उजेडाने जंतू मरतात, चांदीने जंतू मरतात आणि उजेडाने चांदीची संयुगे बदलतात या तीन वेगवेगळ्या गोष्टी. त्या एकत्र आणून आज नवे जंतुनाशक पदार्थ तयार होत आहेत. त्यांचे मोल ओळखायचे, तर आधी मुंबईच्या प्लेगकडे वळले पाहिजे.

उजेडाचा कोन

१८७७ मध्ये आर्थर डाउन्स आणि टॉमस ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी जंतू सहज वाढतील असे द्रावण परीक्षानळ्यांत भरले. काही नळ्या त्यांनी उन्हात ठेवल्या, काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्रावण गढूळ झाले, उन्हातले स्वच्छ राहिले. प्रकाशातील निळ्या-जांभळ्या टोकाकडचे किरण यात अधिक प्रभावी असल्याचेही त्यांना दिसले. आज आपण जाणतो की अतिनील किरण जीवाणूंच्या डीएनएला इजा करतात.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. सरकारी यंत्रणेने घरे कार्बोलिकने धुतली, भिंतींना चुना फासला आणि काळोख्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरेही उघडली. प्लेगचे विष दमट, अंधाऱ्या घरांत आणि जमिनीत साचून राहते, अशी समजूत तेव्हा प्रबळ होती.

याच विचारातून १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आणला. हा आकडा विचित्र वाटतो, पण गणिताच्या शिक्षकांना त्यातली गंमत लगेच कळेल. ज्या कोनाचा टॅन्जंट २ असतो, तो कोन जवळपास इतकाच. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर खोलीच्या भिंतीपासून ती निदान २० फूट दूर हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील प्रकाश आणि हवा या विषयावर खास व्याख्यान दिले होते.

परळचे गिनीपिग

पण उजेडाने प्लेग थांबला का? याचे उत्तर परळने दिले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १० ऑगस्ट १८९९ रोजी डॉ. हाफकिन यांच्या प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाचे शास्त्रज्ञ इथे काम करू लागले. त्यांनी लहान लहान खोल्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिग वाचले. दोन इंचांवर टांगलेल्यांना मात्र प्लेग झाला. पिसू तेवढी उडी मारू शकते, दोन फुटांची नाही!

शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू मुद्दाम पसरले, तरी ४८ तासांनंतर त्या जमिनीपासून संसर्ग होत नव्हता. चुन्याच्या जमिनीला तर २४ तास पुरले. म्हणजे ज्या जमिनीवर एवढे कार्बोलिक ओतले, तिथले जंतू आपणहूनच मरत होते. जिवंत जंतू होते उंदरांच्या रक्तात आणि पिसवांच्या पोटात. तिथे ना ऊन पोहोचत होते, ना कार्बोलिक.

उजेडाचा कोन वाया गेला असे मात्र नाही. हवेशीर, उजेडाची घरे केव्हाही चांगलीच. पण जंतू मारण्याचे साधन हाती असणे वेगळे आणि जंतू असेल तिथे ते पोहोचणे वेगळे, हा परळचा धडा आहे.

चांदीचे औषध

आता चांदीकडे येऊ. १८६९ मध्ये फ्रान्समधील झूल रोलँ यांना आढळले की काळी बुरशी चांदीच्या भांड्यात वाढत नाही. सोळा लाख भागांत एक भाग सिल्व्हर नायट्रेटही तिची वाढ रोखायला पुरे होते. १८८० मध्ये लाइपझिगचे डॉ. कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णालयात शेकडा दहाच्या आसपास बालकांना डोळ्यांचा गंभीर संसर्ग होत असे. ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. कितीतरी मुलांची दृष्टी वाचली. चांदीचे आयन जीवाणूंच्या प्रथिनांतील गंधकाला चिकटतात आणि त्यांचे श्वसनाचे काम बंद पाडतात. याला उजेड लागत नाही.

गिरगावचा पडदा

चांदीवर उजेड पडला की काय होते, हे मुंबईने ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये पाहिले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथे लागला. चित्रीकरण दादरला झाले होते. फिल्मला भोके पाडणे, ती रसायनांत धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके स्वतः करीत.

फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की कणात इलेक्ट्रॉन मोकळा होतो, तो चांदीच्या आयनाला मिळतो आणि धातुरूप चांदीचा अणू तयार होतो. असे थोडे अणू साचले की पुढचे काम रसायने करतात. गिरगावच्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलेली तारामती म्हणजे चांदीच्या कणांची सावली होती. तपकिरी बाटलीतले ‘खराब होणे’ याच जातीचे, तिथेही अखेर चांदीच सुटी होते.

तिन्हींचा मेळ

प्रकाशाने मोकळा झालेला हा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कामाला लावता येईल का? १९७२ मध्ये जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन केले. १९८५ मध्ये जपानमध्येच मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेल्या त्याच पदार्थाने प्रकाशात जीवाणू मारून दाखवले. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळतो, त्याच्या रिकाम्या जागेची पाण्याशी क्रिया होते आणि तयार झालेले अतिक्रियाशील रेणू जीवाणूचे आवरण फाडतात.

अडचण अशी की टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात. सिल्व्हर ब्रोमाइडला मात्र साधा दिसणारा प्रकाश चालतो. २००६ मध्ये चीनमधील चुन हू आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पदार्थ एकत्र करून दृश्य प्रकाशात ई. कोलाय जीवाणू मारले. पण उजेडाने सिल्व्हर ब्रोमाइडचीच चांदी होत गेली तर? फिल्ममधला गुण इथे दोष ठरतो. कणांवर आधीच थोडी धातुरूप चांदी असली, तर ती मोकळे इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि उरलेले संयुग बरेचसे टिकते.

म्हणजे सगळे साधले का? गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरत नाही. अंधाऱ्या नळात तर प्रश्नच नाही. चांदी सांडपाण्यात गेली तर उपयोगी जीवाणूही मरतात. शिवाय जंतूही शिकतात. १९७५ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला जीवाणू सापडल्याची नोंद झाली. तेव्हा जंतू कुठे राहतो आणि कसा प्रवास करतो हे आधी विचारायचे, मगच औषध निवडायचे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. गाळणकागद मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवा. त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे सौम्य द्रावण पसरा. हातमोजे घाला, नाहीतर बोटे काळी होतील. कागदावर एक किल्ली ठेवून तो उन्हात ठेवा. थोड्या वेळाने कागद जांभळट-करडा होईल. किल्ली उचलली की तिच्याखाली तिची पांढरी आकृती दिसेल. मग विद्यार्थ्यांना एवढेच विचारा: किल्लीखाली जंतू असते, तर त्यांचे काय झाले असते?