व्हॅक्यूम ओढत नाही, हवा ढकलते
आजची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनची. १८२६ साली शूटर्स हिलच्या चढावर एक गाडी चढली. घोडा नाही, वाफ नाही. इंजिनात जळत होता गॅस.

ते बनवलं सॅम्युअल ब्राउनने, पेटंट १८२३ चं. सिलिंडरमध्ये ज्योत पेटवायची, हवा तापून फुगते आणि बाहेर निसटते. मग झाकण बंद, पाण्याचा फवारा! आतला दाब घटतो आणि पिस्टन सरकतो. वाटतं, व्हॅक्यूमने ओढला. खरं तर बाहेरच्या हवेने ढकलला.

गोची इथेच आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. ज्योत कितीही मोठी करा, जोर त्यापुढे जाणार नाही. शिवाय दर फेरीला तापवा, गार करा. उष्णता पाण्यासोबत वाहून जाते. गॅसचा खर्च परवडेना, ब्राउनचं इंजिन वाफेपुढे टिकलं नाही.

१८७६ मध्ये जर्मनीत निकोलाउस ऑटोने चार स्ट्रोकचं इंजिन चालवलं: गॅस आणि हवा आधी दाबायची, मग पेटवायची. आता ढकलणारी बाहेरची हवा नव्हती, आतली आग होती. तुमच्या पेट्रोल बाइकमध्ये आजही हेच चालतं.