थेस्सलनीकाकर

इसवी सनापूर्वी ३१५च्या सुमारास कॅसँडरने मॅसिडोनियात शहर वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं: थेस्सलोनीके. ती सिकंदराची सावत्र बहीण. ‘थेस्सली’ हा प्रांत, ‘नीके’ म्हणजे विजय. सिकंदराचा बाप फिलिप याने थेस्सलीत जिंकलेली लढाई लेकीच्या नावात राहिली.

इ.स. ५०च्या सुमारास प्रेषित पौलाने इथल्या ख्रिस्ती मंडळीला धाडलेलं पत्र नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी. मराठी बायबलात ते ‘थेस्सलनीकाकरांस’ जातं. पुणेकर-सातारकरांच्या पंगतीत बसवणारा हा ‘कर’ किती आपलासा!

पौलाला घरी ठेवून घेणाऱ्या यासोनाला इथल्या जमावाने ज्यांच्यापुढे खेचलं, त्या अधिकाऱ्यांना ‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणारा लूक ‘पोलितार्ख’ म्हणतो. जुन्या ग्रीक ग्रंथांत हा शब्द जवळपास नाहीच. पण १८७६मध्ये पाडलेल्या शहराच्या वर्दार वेशीवरच्या शिलालेखाची सुरुवातच या पदाने होते, पुढे अधिकाऱ्यांची नावनिशी. तो दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.