काचपेटीचें स्थलांतर

घरांतील जुनी फरशी उखडून नवी बसवावयाची ठरली, म्हणजे कपाटें, पलंग, खुर्च्या सारें दुसऱ्या खोलींत जातें. पण दिवाणखान्यांतील माशांच्या काचपेटीपाशीं काम अडतें. चौघांनीं भरलेली पेटी तशीच उचलावी, असें एकजण सुचवितो; सगळें पाणी ओतून द्यावें व मागाहून नळाचें भरावें, असें दुसरा म्हणतो. दोन्ही सल्ले घातक आहेत. ते कां, याचें उत्तर या पेटीच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

इ. स. १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. वाटेंत ते हलूं नयेत म्हणून त्यांनीं ते सुईदोऱ्यानें एका मोठ्या स्पंजाला टांचले व समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत ठेवले. लंडनमध्यें ताजें समुद्रजल वारंवार कोठून मिळावें? म्हणून घरची मोलकरीण उघड्या खिडकीशीं उभी राहून तेंच पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत असे. त्या ओतण्यानें पाण्यांत हवा मिसळे आणि प्रवाळ जगत.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं लंडनमध्येंच दुसरा प्रयोग आरंभिला. बारा गॅलनांच्या काचपात्रांत त्यानें दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. वनस्पति प्राणवायु पुरवी. पण तिचीं कुजकीं पानें पाणी गढूळ करूं लागलीं. तेव्हां त्यानें तळ्यांतील पांच-सहा गोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजका पाला खाल्ला आणि पाणी निवळलें. पेटी म्हणजे नुसतें भांडें नव्हे, तो एक लहानसा संसार आहे, हें या प्रयोगानें दाखविलें.

इंग्लंडांत काचेवरील कर १८४५ सालींच उठला होता. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘दि अक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि काचपेटीचा छंद घरोघर शिरला. मात्र संसाराचा एक घटक अद्यापि अदृश्य होता. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें अमोनियाचें रूपांतर करणारे सूक्ष्मजंतु वेगळे करून दाखविले. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा विषारी अमोनिया असेच जंतु निरुपद्रवी करीत असतात. त्यांची वस्ती मुख्यतः वाळूवर व गाळणींतील स्पंजावर असते. तीं वाळलीं अथवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें धुतलीं, कीं ते मरतात. स्वच्छ दिसणाऱ्या नव्या पाण्यांत मासे दगावतात, त्याचें हें एक मोठें कारण होय.

पहिल्या सल्ल्याचा दोष वजनांत आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसतें पाणीच १९० किलो. पूर्वीच्या पेट्यांना धातूची चौकट असे. १९६० नंतर सिलिकोननें जोडलेल्या बिनचौकटीच्या पेट्या रूढ झाल्या. भरलेली पेटी उचलतांना जरा पिळवटली, तर तळ तडकतो किंवा सांधा उकलतो.

म्हणून प्रथम विजेचीं उपकरणें बंद करावीं. जुनें पाणी साबण न लागलेल्या बादल्यांत काढून मासे त्यांतच ठेवावे, बादल्यांवर सैल झांकण घालावें आणि हवेचा लहान पंप चालू ठेवावा. स्पंज व वाळू त्याच पाण्यांत भिजत राहूं द्यावीं. रिकामी झालेली पेटी सपाट फळीवर घेऊन दोघांनीं उचलावी. कांठाला धरून कधींहि उचलूं नये. सिमेंटची धूळ व रसायनांचा वास जेथें पोहोंचत नाहीं, अशा खोलींत सपाट जागीं ती पुन्हां मांडावी. आधीं जुनें पाणी भरावें. उणें पडेल तेवढेंच, क्लोरीन घालविलेलें व तितक्याच उष्णतेचें नवें पाणी सावकाश मिळवावें. पुढील कांहीं दिवस खाणें बेतानें द्यावें. फरशी पक्की सुकल्यावर हाच क्रम पुन्हां करावयाचा.

या साऱ्याला एक सकाळ लागते. थिनबाईंची मोलकरीण खिडकीशीं उभी राहून जें करीत होती, तेंच आज पंप करतो. साधन बदललें, काळजी तीच आहे. फरशी बिघडली तर पुन्हां बसवितां येते. काचेआडचा संसार एकदां मोडला, कीं तो विकत आणून भरून निघत नाहीं.